नाताळात कुलूप

अमेरिकेतल्या टोलीडोच्या लॉन्ड्रीत माझ्या शेजारच्या टेबलावर मायलेकी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. लेक फोनवरची कॉलेजांची यादी वाचून दाखवत होती.

"मॉम, इथे फी माफ, जेवण फुकट, खोलीही फुकट!"

"फुकट म्हणे! नाताळात वसतिगृहाला कुलूप लावतात, ते वाचलंस का, शहाणे?"

"मग बसने घरी येईन."

आईने घडी घातलेली चादर पुन्हा उलगडली.

"मॉम?"

"जनेल, घरमालकाची नोटीस आलीय. पुढच्या नाताळात आपण कुठे असू, देव जाणे."

"हे आत्ता सांगतेस?"

"तुझी परीक्षा होती गं."

"मग सुट्टीतही उघडी राहणारी कॉलेजंच यादीत ठेवते. या पहिल्या कॉलेजला फोन करून विचारू, नाताळात राहू देतील का?"

"विचार. पण का विचारतेस, ते सांगू नकोस."