भाद्रपदातलं मतदान

सांगोल्याकडच्या आमच्या गावी, शाळेपुढच्या मतदानाच्या रांगेत माझ्या पुढं दोघी होत्या. मेंढरं राखणाऱ्या केराबाई आणि त्यांच्यामागं कॉलेजातली ऋतुजा.

"वैताग हाय आजी. दोन वर्सांमागं खासदार निवडला, त्यानं राजीनामा दिला. आता पुन्हा रांग."

"लई बरं केलं बाई त्यानं!"

"बरं कसं?"

"लोकसभेचं मतदान येतंय उन्हाळ्यात. तवा आमी मेंढरं घिऊन लांब, कुणाच्या तरी रानात. साठी उलटली माझी, पर खासदाराला एकदाबी मत दिलं न्हाय."

"एकदाबी न्हाय?"

"न्हाय. ही पोटनिवडणूक भाद्रपदात आली, म्हणून घावली. सकाळीच न्हाऊन नवं लुगडं नेसले."

"मग कुणाला देणार?"

"ते तुला कशाला सांगू?"

तेवढ्यात दारातला पोलीस ओरडला, "ओ आजी, म्हाताऱ्या माणसांनी रांगेत थांबू नका. सरळ आत या!"

"जावा की आजी, लगेच सुटाल."

"एवढ्या वर्सांनी आले, लगेच कशाला सुटू? तूच ये माझ्या म्होरं. वैतागलीयास न्हवं?"

"न्हाय आजी. मी तुमच्या मागंच थांबते."