मायक्रोस्कोपमधलं जंगल

आता नव्या शिक्षण धोरणात बीएला मराठी घेतलं तरी एक विषय सायन्सचा घ्यावाच लागतो, ठाऊकय ना? मैत्रिणींनी सोपा म्हणून पर्यावरण घेतला, मी हट्टानं वनस्पतीशास्त्र. पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी मायक्रोस्कोपखाली कांद्याचा पापुद्रा ठेवला. "काय दिसतंय?"

मी रंगून सांगितलं, "सर, लई दाट जंगल हाय. काळी झाडं वाऱ्यावर हलायलीत."

"अगं, त्या तुझ्याच पापण्या आहेत!"

सगळे सायन्सवाले खो खो हसले. सरांनी हसतच स्क्रू फिरवला आणि समोर पेशी आल्या, एकीला एक चिकटलेल्या, उजेडानं भरलेल्या. मला हसणं ऐकू येईनासं झालं.

किती तरी वेळानं सर म्हणाले, "पोरी, वर्ग केव्हाच सुटला. ढोकीची एसटी जाईल तुझी."

मी डोळा न काढता म्हणाले, "जाऊ द्या सर. मी आत्ता कुठं इथं पोचलेय."