टाचांच्या मलमाची मूळ नोंद

—नाही हो साहेब, निकाल चुकलेला नाही, मीच जिंकलेय — तेच तर रडगाणं आहे! जिंकलेली बाई खिडकीशी येऊन निकाल परत घ्या म्हणते, असं पाहिलंय कधी? नाही ना? मग आज बघा. टाचांच्या मलमाच्या डबीवर चित्र आमच्या आईचं, मलम घोटते मी, सव्वीस वर्षं — आणि ट्रेडमार्क कुणाच्या नावावर? धाकट्या भावाच्या! का, तर तो चार देश हिंडतो, त्याला फॉर्म भरता येतात. माझं डोकं फिरलं. केला अर्ज — त्याची नोंद रद्द करा, हक्क माझा. मला इथल्या डबीवर माझं नाव हवं होतं, बस. परदेश त्याचा त्याला लखलाभ, म्हटलं.

आणि तुम्ही आत्ता सांगताय, तसं नसतंच! आपला देश ट्रेडमार्कच्या त्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, म्हणून एका अर्जात अकरा देशांत नोंद झाली — पण पहिली पाच वर्षं ती सगळी इथल्या मूळ नोंदीवर उभी. त्या पाच वर्षांत अर्ज पडला आणि त्यावर इथली गेली, की अकराही गेल्या. मी अर्ज केला तेव्हा पाच वर्षं भरायला किती दिवस होते? एकोणीस! एकोणीस दिवस कळ काढली असती तर — पण कळ काढणारी मी कुठली. आता तिकडे कुणी आपल्या नावावर ही डबी नोंदवली, की आमचाच माल नकली ठरणार. आमच्या आईचं तोंड, आणि नकली! भाऊ उभा मरेल हो. तो तारखेला का आला नाही? कसा येईल — नोटिसा कारखान्याच्या पत्त्यावर आल्या, आणि कारखान्यात दिवसभर कोण? मीच. तिन्ही मी सही करून घेतल्या, मेणाच्या पिंपामागे ठेवल्या. फाडल्या नाहीत हं! हात धजला नाही...

असं काय बघताय? पेन का काढलंत? — नोटिसा मी दडवल्या, त्याला मिळाल्याच नाहीत, असं मी शपथेवर लिहून दिलं तर निकाल मागे घेता येईल? कदाचित? कदाचितच? आणि त्या कागदाची प्रत भावाला जाणार... जाणारच का? अहो, परवाच मला म्हणाला, ताई, तू आहेस म्हणून मी बिनघोर फिरतो. बिनघोर म्हणाला!

द्या इकडे तो कागद. नाही, सांगू नका, मला येतं लिहिता. तुम्ही जा, जेवून या — कुणी समोर बसलं की मला लिहवत नाही. जा म्हणते ना!