स्टिअरिंगचा झिजलेला सांधा

गॅरेजच्या बाकावर आपल्या गाडीची वाट बघत बसलेल्या आजींच्या कानावर समोरचं बोलणं पडत होतं.

“साहेब, मी चाक हलवतो, तुम्ही या सांध्यावर बोट ठेवा. लागतंय काही?”

“टकटक लागतंय.”

“पार झिजलाय. म्हणून स्टिअरिंग सैल झालंय. दोन वर्षं तरी अशीच भरकटत असणार गाडी. चालवायचं कोण?”

“वडील. गाडी ऐकत नाही, म्हणायचे.”

“खरंच होतं की त्यांचं.”

“आम्ही म्हणालो, तुमचे हातच ऐकत नाहीत आता. फाटकाला घासली, त्या दिवशी किल्ली काढून घेतली.”

“अहो, हात पक्का म्हणून फाटकावर निभावलं! नवा सांधा बसवतो, मग मारू दे त्यांना एक चक्कर.”

“मागच्या महिन्यात गेले. शेवटपर्यंत गाडीकडे तोंड करून पायरीवर बसायचे.”

मिस्त्रीने नवा सांधा बसवून जुना हातात घेतला.

“जुना सांधा टाकू ना?”

“नको, कागदात बांधून द्या. आईला दाखवतो. किल्ली तिनेच काढली होती त्यांच्या खिशातून.”

आजींना राहवलं नाही.

“तिला नको दाखवूस, बाळा. तुझ्यापाशीच ठेव.”