वाढता मारुती आणि सावळे सरांचं इंग्रजी

टाळ जरा खाली ठेवा बाबांनो, आणि मागची मंडळी पुढे सरका. प्रसाद पुढूनच वाटणार आहेत! हं. आज एकच प्रश्न विचारतो, सोपा आहे. वाढणं म्हणजे काय?

हसू नका, सांगा बरं. आपल्याकडे पानात भात वाढतात. नारळ फोडायचा तर म्हणतात वाढवा. बांगडी फुटली तर म्हणे वाढली! सगळ्याला एकच शब्द, आणि आपण निवांत. पण मी विचारतोय ती खरी वाढ. मागच्या वर्षी होतात त्यापेक्षा यंदा तुम्ही वाढलात का? — पोट नका दाखवू हो, ते मला दिसतंय! — एखादी गोष्ट आतून वाढली की बाहेरून चढली, हे ओळखायचं कसं? गोंधळलात ना? असू द्या. आजच्या आख्यानात एक चांगला शिकलेला माणूस असाच गोंधळलाय, आणि त्याच्या गोंधळापायी एका पोरीचं आयुष्य अडून बसलंय.

धामणखोरे नावाचं गाव होतं. गावात मारुतीचं देऊळ, आणि मारुती साधासुधा नव्हे — वाढता! दरवर्षी वाढायचा. कसं कळायचं? तर हनुमान जयंतीला पहाटे नामदेव गुरव देवाच्या छातीभोवती मागच्या वर्षीचं सूत गुंडाळायचा. सुताची दोन टोकं जुळायची नाहीत, बोटभर कमी पडायची. झालं, ढोल सुरू! देव वाढला! मग नवं सूत मापून घ्यायचं, आणि जुन्या सुताचे तुकडे करून गावातल्या लेकरांच्या कमरेला बांधायचे. देव वाढला तसं पोर वाढू दे. गोड रीत होती. माणसं देवाकडे दुसरं काय मागतात?

या गावात सावळे सर राहायचे. हायस्कुलात उभी हयात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. आवाज असा, की वर्गात बोलले तर हापशीवरची बाई हातातला हंडा सावरायची. देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष विलासतात्या एक दिवस त्यांच्याकडे आले. म्हणाले, सर, हल्ली बाहेरची माणसं येतात, गोरे लोकही येऊन गेले, देवळासमोर इंग्रजीत बोर्ड लावायचा आहे. दोनच ओळी. येथील देव दरवर्षी वाढतो, एवढंच लिहायचं. सर म्हणाले, चहा येईपर्यंत लिहून देतो.

चहा आला. चहा गार झाला. सर पेन चावत बसले!

अहो, मराठीत वाढतो म्हटलं की संपलं. इंग्रजीत वाढण्याला शब्दांची ही रांग! तात्यांनी आपला शब्द पुढे केला — डेव्हलपमेंट घाला सर, सरकार त्याच शब्दाला निधी देतं. सर म्हणाले, तात्या, डेव्हलप होणं म्हणजे जे आत दडलंय ते हळूहळू उलगडणं. पूर्वी फोटो धुताना कोऱ्या कागदावर चेहरा उमटायचा, तसं. आपला देव काय अर्धा उमटलाय?

मग इन्क्रीज? छे. तो आकड्याचा शब्द. पेट्रोलचा भाव चढतो, जत्रेतली गर्दी वाढते; त्यात जीव असावा लागत नाही. एक्सपान्ड? तिथे होतं तेच पसरतं. फुग्यात हवा भरली तर रबर काही जास्त होत नाही, उलट पातळ होतं. स्वेल? अहो ते सुजणं! ठेच लागली की पाय सुजतो, मानपान मिळाला की माणूस सुजतो — समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्यांना म्हणत नाही मी, त्यांनी बसून घ्यावं. मारुतीराय सुजले असं बोर्डावर लिहायचं? राहिला ग्रो. हा मात्र जिवंत शब्द. रोप, केस, लेकरू. आतून, आपल्या जिवानं वाढणारं. त्याला पाणी घालता येतं, खाऊ घालता येतं, पण शेंडा धरून ओढला तर ते वाढत नाही, उपटून हातात येतं.

शब्द सापडला. मग लिहून टाकावा की नाही? पण सरांचा हात काही चालेना. का चालेना, ते त्यांनाही कळेना.

आता यांच्या घरात चला. सरांचा मुलगा फौजेत, कायम लांब. घरी सून वनिता आणि नात ईश्वरी. ईशू सातवीत गेली, पण दिसायची तिसरीतली. शाळेत उंचीप्रमाणे उभं केलं की कायम पहिली. मैत्रिणींच्या वेण्या तिच्या डोक्याच्या वरून जायला लागल्या. पोर हुशार, हसरी. पण हल्ली ती मैत्रिणींबरोबर फोटोत उभी राहीनाशी झाली होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी वनिताला बजावून सांगितलेलं, हिच्या शरीरात वाढीचा रस कमी तयार होतोय असं वाटतं, शहरात मोठ्या दवाखान्यात दाखवा. औषध आहे, पण हाडांची टोकं उघडी आहेत तोवरच त्याचा उपयोग. ती बंद झाली की कुणाच्या हातात काही नाही.

वनितानं सासऱ्यांना विचारलं. सर म्हणाले, आमच्या घराण्यात मुली उशिरा उंच होतात. पुढच्या वर्षी विचारलं, तर म्हणाले, एवढी जयंती जाऊ दे, सूत बांधू. तिच्या कमरेला सूत होतंच. दरवर्षी नवा तुकडा यायचा, आणि मंडळी, दरवर्षी तेवढ्याच लांबीचा तुकडा तिला पुरायचा! सर काही दुष्ट नव्हते हो. नातीवर जीव होता त्यांचा. दवाखान्याची पायरी चढली म्हणजे पोरीत काहीतरी कमी आहे हे कबूल केल्यासारखं होईल, या भीतीनं त्यांचे पाय जड झाले होते. भीती सांगायला लाज वाटते, म्हणून माणूस श्रद्धा सांगतो.

जयंती आली. आदल्या दिवशी संध्याकाळी सर देवळात गेले. बोर्ड रंगवणारा पेंटर शब्दासाठी खोळंबला होता. देवळात बघतात तर रांग लागलेली. प्रत्येक घरातून एकेक जण हातात तेलात मळलेला शेंदराचा गोळा घेऊन उभा. उद्या माप आहे, आज आपल्या घरचा लेप देवाला चढलाच पाहिजे! नामदेव गुरव एकेकाचा गोळा घेऊन देवाच्या छातीवर, पोटावर, खांद्यावर थापतोय. सर रांगेत उभे राहिले. ईशूच्या नावाचा गोळा त्यांनी यंदा चांगला मोठा आणला होता. त्यांनी नामदेवला थांबवलं आणि आपल्या हातानं तो देवाच्या छातीवर थापला, अंगठ्यानं नीट दाबून बसवला.

आणि हात मागे घेताना स्वतःच्या लाल तळव्याकडे बघून सर जागच्या जागी थिजले.

अक्युम्युलेट! वर्गात दरवर्षी शिकवलेला शब्द. बाहेरून थरावर थर बसत जाणं. कपाटावर धूळ बसते तसं, मेजावर कागद साठतात तसं. त्यात आतलं काहीच वाढत नाही. आदल्या दिवशी आपणच थापायचं, दुसऱ्या दिवशी आपणच मोजायचं आणि आपणच चकित व्हायचं! सरांना सगळं लख्ख दिसलं. आता सांगा, त्यांनी पेंटरला कुठला शब्द दिला असेल?

ग्रो! हो, ग्रोच दिला. खोटा आहे हे कळूनसुद्धा. कारण देव वाढत नसेल तर ईशूच्या कमरेचं सूत नुसतं सूत होतं, आणि मग वाया गेलेल्या वर्षांचा जाब कुणाला विचारायचा? सरांनी हौदावर हात धुतला, पण शेंदूर तो, जातोय कसला.

पहाट झाली. ढोलवाले तयार, तात्या नव्या फेट्यात, बोर्डावर कापड झाकलेलं. ईशू आईचा हात धरून अगदी पुढे. नामदेवनं सूत देवाभोवती घातलं, टोकं ओढली, आणि आतून कट्ट असा आवाज आला. नामदेव मागे सरला. देवाच्या खांद्यापासून पोटापर्यंत भेग गेली, आणि सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर शेंदराचं ते भलंमोठं कवच सुटलं आणि खाली बसलं.

आत मारुती होता. एवढासा! हात जोडलेला, डोळे मिटलेला, काळ्या पाषाणाचा, रेखीव मारुती. उंचीला ईशूच्या खांद्याइतकाही नाही.

काय गोंधळ उडाला म्हणता! बायका रडायला लागल्या, देव कोपला. कुणी म्हणालं देव बारीक झाला. कुणी म्हणालं हा दुसराच देव आहे, आपला कुठाय? तात्या पेंटरला विचारतायत, कमी होण्याला इंग्रजीत काय म्हणतात! नामदेव गुरव बिचारा हात जोडून सांगतोय, हे कवच आहे, असं गळतं, नदीत सोडायचं असतं. ऐकतो कोण? ज्या देवाला वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलं, त्याचं खरं रूप समोर आलं तर ओळखायला कुणी तयार नाही. माऊली, देवाला वाढायची गरज काय हो? तो होता तेवढाच होता. जे वाढलं ते आपलं होतं.

त्या गलक्यात ईशू पुढे गेली. देवासमोर उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली. मग मागे वळून आजोबांना हळूच म्हणाली, “अण्णा, हा आतमध्ये एवढाच होता?”

सरांनी होकारार्थी मान हलवली.

ती म्हणाली, “मग मी पण?”

मंडळी, त्या प्रश्नापुढे सरांचं सगळं इंग्रजी आणि सगळं मराठी संपलं. ते खाली बसले. तिच्या कमरेचं सूत त्यांनी दातांनी तोडलं आणि कवचाच्या ढिगावर ठेवलं. वनिताकडे न बघता म्हणाले, “पोरीचे कागद घे. दुपारची गाडी आहे.”

शहरातल्या डॉक्टरीण बाई वयानं लहान, सरांच्या विद्यार्थिनीसारख्या. त्यांनी ईशूचा हात मशीनखाली धरला, तपासण्या केल्या, आणि सांगितलं की टोकं अजून थोडी उघडी आहेत. इंजेक्शनं आजपासून सुरू केली तर उंची येईल. पूर्ण येणार नाही. गेली ती वर्षं औषधानं परत मिळत नाहीत. मग त्यांनी साधंच विचारलं, एवढा उशीर का केलात? वनितानं मान खाली घातली. ती सासऱ्यांचं नाव घेणार नव्हती. सरच म्हणाले, “मी अडवलं.”

बाहेर बाकावर ईशू त्यांच्याशेजारी येऊन बसली. तिनं विचारलं, मी मोठी होणार ना? सरांना वाटलं नक्की म्हणावं. ते म्हणणं फार सोपं होतं, आणि तोही थापलेला एक लेपच झाला असता.

“किती होशील ते मला माहीत नाही, बाळा,” सर म्हणाले. “पण आता मी आड येणार नाही.”

पोरीनं त्यांचा हात हातात घेतला आणि नखांच्या कडेला राहिलेला शेंदूर आपल्या नखानं खरवडून काढत बसली.

आता तुमच्याकडे वळतो, चुळबुळ करू नका. वर्षभर देवाला काय थापलंत ते सांगू नका मला. तुमच्या घरात कुणीतरी थांबलंय. कुणाची शिकायची इच्छा थांबलीय, कुणाचं दुखणं अंगावर काढलं जातंय, कुणी सून काहीतरी विचारायला येते आणि तुमचा चेहरा बघून परत फिरते. आणि तुम्ही म्हणताय, एवढी जयंती जाऊ दे. अहो, कुणाची जयंती? कुणाची टोकं बंद होतायत तिकडे, बघितलंत का? आरतीला उभं राहायच्या आधी तो एक चेहरा डोळ्यांसमोर आणा. आला? मग आता टाळ उचला. आणि ज्याला अजून आला नसेल त्यानं आरतीला थांबू नये. त्यानं सरळ घरी जावं.