नैसर्गिक म्हणे!

—ग्लासाला ग्लास लावू नका, डॉक्टरबाई! मेलेल्याच्या नावानं पिताना वाजवत नाहीत. बेलग्रेडला राहून एवढंही विसरलात? आधी थेंबभर राकिया जमिनीवर सांडा, राडिशासाठी. हां. आता प्या. आणि तो तुमच्या संशोधनाचा कागद उचला टेबलावरून. माझ्या भावाला जाऊन आज चाळीस दिवस झाले, आणि तुम्ही मला वाचून काय दाखवता — 'खाणीत मिळालेल्या नैसर्गिक पायराइटचा इलेक्ट्रोड'! मिळालेल्या? रस्त्यात पडला होता का? पाचवीत शाळा सोडली मी, पण नैसर्गिक म्हणजे काय ते कळतं मला. नैसर्गिक म्हणजे आभाळातून पडतात त्या गारा, बाई! हा दगड त्यानं कातळातून काढला, कापला, आरशासारखा घासला — आई त्यात बघून डोक्याचा रुमाल नीट करायची — मागं तार जोडली, राळ ओतून काचेच्या नळीत बसवला. तांबं किती ते मोजायला तुमच्या त्या तांबं विरघळलेल्या पाण्यात बुडवायचा, वरून औषध थेंबथेंब सोडायचं, तांबं संपलं की त्याच थेंबाला यंत्राचा काटा उडी मारतो. "रंग बदलला का ते बघायला नको, प्लॅटिनमची महाग तार नको, दगडालाच कळतं!" — गावभर सांगत फिरायचा, येडा. आणि तुमच्या कागदावर त्याचं नाव? नाही! तळाला काय, तर 'खाणकामगारांचे सहकार्य'. किती कामगार होते हो? एकच होता. माझा होता.

काय म्हणालात? शेवटचा स्फटिक? आहे. त्याच्या मुठीत होता, बोटं मी सोडवली. — नळीत बसवून देऊ? मी? अहो, कागदातला त्यानं बसवला, पण त्याच्यानंतरचा मीच बसवला होता! दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे पोचवायचा होता, राळ ओलीच, म्हटलं मिरच्या भाजतो त्या चुलीवर ठेवू जरा. तडकला. दगडातल्या गंधकाचा वास घरभर. राडिशा रागावला असता तर बरं झालं असतं — "असू दे रे," म्हणाला, दिवा घेतला आणि बंद केलेल्या बोगद्यात गेला. चीर नसलेला दगड तिथंच मिळतो म्हणे. छत अंगावर बसलं.

...हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पाद्रीबुवांनाही नाही.

उठा. चाळिसाव्याची प्रार्थना आटोपून कबरीवरून मंडळी येतील आता, आई येईल. तिला वाटतं, तो तुमच्या हट्टापायी खाली गेला. रोज सकाळी तुम्हाला शिव्याशाप देते. देऊ दे. ऐकताय ना? तसंच वाटू दे तिला. — बाई, रडू नका इथं. मागच्या दारानं जा.