चौथं प्रकरण राहणार

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जयवंत प्रभुदेसाई, प्रमुख पाहुणे, उपनगर हिवताप सल्लागार समितीचे डॉ. चंद्रप्रकाश वाघधरे, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे मार्गदर्शक प्रा. मधुकर परुळेकर सर; पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या पत्नी, आमच्या नलिनीकाकू; गुरुजनहो आणि सामाजिक आरोग्य विभागातल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सुरुवातीलाच एक विनंती. व्यासपीठावरच्या टेबलावर, हारांच्या तबकाशेजारी, निळ्या बुचाची एक बाटली आहे. ती मी ठेवली आहे. त्यातलं पाणी कृपया कोणी पिऊ नये. तिच्याविषयी पुढे बोलेनच.

मी तेरेसा मिस्किटा, मरोळ गावठाणातली. विद्यार्थ्यांच्या वतीनं चार शब्द बोलायला मला उभं केलंय. ‘गोड बोल हं, वाट लावू नकोस,’ असं माझ्या मैत्रिणीनं, सुगंधानं, आत्ताच कानात सांगितलंय. प्रयत्न करते.

निमंत्रणपत्रिकेवर छापलंय, ‘स्वेच्छानिवृत्तीनिमित्त निरोप’. अंगात ताप असताना शाल पांघरून तास घेणारा माणूस नोकरीची वर्षं शिल्लक असताना आपणहून घरी बसतो, हे इथं कोणाला पटतं? काकू, तुम्हाला पटतं? त्या नकारार्थी मान हलवतायत बघा. घरच्यांनाच पटेना, तर आम्हाला कसं पटावं?

सर बोरीवलीहून यायचे आणि आल्याबरोबर विचारायचे, “काय बघलंस?” काय वाचलंस, असं कधीच नाही. पुस्तक कपाटातून पळून जात नाही म्हणायचे. त्यांच्या या प्रश्नामुळेच मी माझ्या प्रबंधासाठी आमच्या गावठाणातल्या विहिरी घेतल्या. मरोळमध्ये मलेरिया वाढला होता आणि पाहुण्यांच्या समितीनं शिफारस केली होती की जुन्या विहिरींवर स्लॅब टाकून त्या कायमच्या बंद कराव्यात. डास विहिरीत होतात, विहीर बंद, डास बंद. ऐकायला किती सोपं आहे!

आता आमच्याकडची एक रीत सांगते. लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही बँड लावून गावच्या विहिरीवर जातो, तिथलं पाणी आणतो आणि त्या पाण्यानं नवऱ्या मुलाला, मुलीला आंघोळ घालतो. त्याला आम्ही उंबराचं पाणी म्हणतो. घरात दोन नळ असले तरी हे पाणी विहिरीचंच लागतं. म्हणून लग्न ठरलं की आधी विहीर साफ होते. पोरं आत उतरतात, गाळ काढतात, पाला काढतात, डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतात. आमच्या माणसाला विहीर म्हटलं की लग्नच आठवतं. मलाही तेच आठवलं. मी पाहणी केली ती नाताळनंतरच्या लग्नसराईत. विहिरी आरशासारख्या लख्ख, अळी औषधालाही नाही. मी नाचतच सरांकडे गेले.

सरांनी कागद पाहिले, समितीचा अहवाल पाहिला आणि विचारलं, “ह्येंनी कधी बघल्यानी?” तारखा होत्या मार्चमधल्या. घरी आईला सांगितलं, तर ती हसायलाच लागली. “उपवासाच्या दिवसात लगीन कोण लावतं गं? आणि लगीन नाही, तर विहिरीत उतरतंय कोण?” ईस्टरआधीच्या त्या दिवसांत आमच्यात लग्नंच होत नाहीत. समितीनं नेमकं तेव्हाच पाणी तपासलं होतं.

मला वाटलं, जिंकले. सर म्हणाले, “जिंकलंस काय गो? तू लग्नाचा पाणी बघलंस, त्यांनी उपासाचा. दोघांचाय अर्धाच. आता वर्षभर बघ.” मी रडले, चिडले आणि वर्षभर पाहिलं. पावसाळ्यात छत्री धरायला सर स्वतः यायचे. एकदा विहिरीच्या काठावर पाय घसरून पडले आणि उठायच्या आधी विचारलं, “बाटली फुटली काय?”

जे दिसलं ते मी चौथ्या प्रकरणात लिहिलं. विहिरीत अळ्या नसतातच, असं मी लिहिलेलं नाही. ज्या विहिरीतून रोज पाणी उपसतात, जिच्यात मासे आहेत, तिथं जवळजवळ नव्हत्या. जी विहीर लोकांनी टाकून दिली, तिथं भरपूर होत्या. आणि सगळ्यात जास्त होत्या बांधकामांच्या हौदांत आणि इमारतींच्या उघड्या टाक्यांत. म्हणून लिहिलं, विहिरी बंद करू नका, वापरात ठेवा.

हे प्रकरण समितीला आवडलं नाही. का आवडावं? स्लॅब टाकला की अहवालात विहीर निकाली निघते. वापरातल्या विहिरीकडे दर आठवड्याला कोणीतरी जायला हवं.

प्राचार्यसाहेबांनी सरांना बोलावून सुचवलं की चौथं प्रकरण गाळून प्रबंध पुढे पाठवावा. सरांनी नकार दिला. आणि त्यानंतर, बघा हं, महिन्याभरातच सरांना निवृत्त व्हायची ‘स्वेच्छा’ झाली! साहेब, तुम्ही घड्याळ पाहताय. थोडंच राहिलंय.

आता ती बाटली. हे पाणी मरोळचं नाही. आज सकाळी या सभागृहाच्या गच्चीवरच्या टाकीतून भरलंय. टाकीचं झाकण कधीच उडून गेलंय. पाहुण्यांनी बाटली उजेडाकडे धरली, तर वळवळ दिसेल. मग ही टाकी आपण सिमेंटनं कायमची बुजवणार का? नाही. पाणी लागतं आपल्याला. आपण ती धुऊ, झाकण बसवू आणि वापरू. आमच्या विहिरीसाठी मी याहून वेगळं काय मागितलंय?

सरांच्या जागी मला दिलेल्या नव्या मार्गदर्शकांनी कालच कळवलं, चौथं प्रकरण काढलंस तर लगेच सही करतो. मी सरांकडे गेले. वाटलं, पाठीवर हात ठेवतील. सर म्हणाले, “काढून टाक गो. आधी पदवी घे, मग भांड. माझ्यापायी तुझा नुकसान नको.” हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. सर, त्या क्षणी मला तुमचा भयंकर राग आला आणि तुमच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की तिथं उभं राहवेना.

सर, आजवर तुमचं सगळं ऐकलं. भर पावसात विहिरीवर उभं केलंत, उभी राहिले. हे एक ऐकणार नाही. मी चौथं प्रकरण काढणार नाही. सही मिळाली नाही तर पदवी नको. बघितलेलं बघितलं नाही म्हणायला तुम्ही मला शिकवलेलं नाही, आणि आता निघताना शिकवू नका.

डॉ. वाघधरे, येत्या शनिवारी सकाळी तुमची माणसं स्लॅब घालायला आमच्या विहिरीवर येणार आहेत. रविवारी माझ्या भावाचं, इग्नेशियसचं, लग्न आहे. म्हणजे शनिवारी आम्हालाही तिथं यायचंच आहे. एरवी आम्ही संध्याकाळी निघतो, या वेळी सकाळीच निघू. बँड असेल, सगळं गावठाण असेल, आणि परुळेकर सर, पहिली घागर तुम्ही भरायची आहे. आईनं सांगितलंय. पाहुण्यांनीही जरूर यावं, जेवूनच जावं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. वेळ जास्त घेतला, कुणाचा मान राखण्यात कमी पडले, सुगंधाला दिलेला शब्द मोडला, या सगळ्याची क्षमा असावी. चौथ्या प्रकरणाची मात्र मी क्षमा मागत नाही.